तरणतलावाचा हीट पंप संध्याकाळी बंद पडतो: दोष पीसीबीचा की पुरवठ्याचा?

करवीर_सचिव
शनिवार, रात्री

सर्वांना नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था नागाळा पार्कच्या सखल भागात आहे. आवारात १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे साधारण ९० हजार लिटर पाण्याचा तरणतलाव आहे. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. ज्येष्ठ सभासदांना आणि लहान मुलांना थंडीतही पोहता यावे म्हणून आम्ही पाणी तापवण्यासाठी थ्री-फेज हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) बसवला आहे. उष्णता देण्याची क्षमता ४० किलोवॅट, विजेचा वापर ८ किलोवॅट आणि पूर्ण भाराला १४ अँपिअर, असे त्याच्या नेमप्लेटवर लिहिलेले आहे.

सध्या तक्रारी तीन आहेत. पहिली, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान कॉम्प्रेसर सुरू होताना पॅनेलमधून कॉन्टॅक्टरची (कॉम्प्रेसरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कटकट ऐकू येते, डिस्प्ले मंदावतो आणि थोड्या वेळात यंत्र बंद पडते. सकाळी मात्र तेच यंत्र तासन्तास विनातक्रार चालते. दुसरी, फिल्टरचा पंप चालू असतानाही अधूनमधून ‘पाण्याचा प्रवाह नाही’ अशा अर्थाचा कोड दिसतो. तिसरी, काही थंड सकाळी कॉम्प्रेसर सुरू होण्यापूर्वीच ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) उडतो.

दुरुस्तीला आलेल्या कारागिराने पीसीबी (यंत्राचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-बोर्ड) बदलण्याचे अंदाजपत्रक दिले असून ती रक्कम संस्थेला जड जाणारी आहे. एका सभासदाने ईएलसीबी काढून साधा एमसीबी (गळतीला नव्हे, फक्त जादा प्रवाहाला उडणारा स्विच) लावावा असे सुचवले आहे. कार्यकारिणीपुढे विषय ठेवण्यापूर्वी तपासणी कोणत्या क्रमाने करून घ्यावी, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.


धडपड्या

आमच्या संकुलात अगदी हेच झाले होते. पीसीबी बदलला आणि पुढे स्टॅबिलायझर बसवला. त्यानंतर तक्रार आली नाही. ईएलसीबी फारच संवेदनशील असेल, तर ३० मिलिअँपिअरऐवजी १०० मिलिअँपिअरचा मिळतो, तो लावून पाहावा.


उद्यमनगरकर

मी विद्युत ठेकेदार आहे आणि माझे बरेचसे काम कारखान्यांतील मोटारी व पॅनेलचे असते, त्यामुळे त्याच अंगाने लिहितो.

ईएलसीबीची गोष्ट आधी संपवू या. तलावाच्या यंत्रणेवरील ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी काढू नये, त्याला वळसा घालू नये आणि त्याच्या जागी १०० मिलिअँपिअरचाही लावू नये. १०० मिलिअँपिअरचे उपकरण आगीपासून वायरिंगचे रक्षण करण्यास उपयोगी पडते, परंतु ओल्या अंगाने पाण्यात उभ्या असलेल्या माणसासाठी ते पुरेसे नाही. ईएलसीबी उडतो याचा अर्थ कोठून तरी प्रवाह जमिनीकडे गळत आहे; ती गळती शोधणे हेच काम आहे. तोवर तलाव पोहण्यासाठी बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे, की आपण तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या खात्यावर टाकू नयेत. संध्याकाळी होणारी कटकट, प्रवाहाचा कोड आणि सकाळचा ईएलसीबी या तिन्हींची वेळ वेगळी आणि परिस्थिती वेगळी आहे. तीन कारणे निघाली तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

कटकटीबद्दल बोलायचे तर कॉन्टॅक्टरची कॉइल साधारणपणे तिच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत स्विचचे संपर्क खात्रीने ओढून घेते. २३० व्होल्टच्या कॉइलसाठी ही मर्यादा सुमारे १९५ व्होल्ट होते. सुरू होण्याच्या क्षणी कॉम्प्रेसर त्याच्या चालू प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह घेतो, म्हणजे आपल्या यंत्रात ७० ते ८० अँपिअर. त्या क्षणी वाटेतल्या केबलमध्ये आणि जोडांमध्ये व्होल्टेज इतके खाली येते, की कॉइल सोडून देते. भार सुटताच व्होल्टेज वर येते, कॉइल पुन्हा ओढते आणि हे चक्र सेकंदात अनेकदा फिरते. कारागीर येतो तेव्हा यंत्र बंद असते, तो मीटर लावतो, ४१० व्होल्ट दिसतात आणि ‘पुरवठा उत्तम आहे, बोर्ड गेला’ असा निष्कर्ष निघतो. बंद यंत्राच्या टर्मिनलवर मोजलेले व्होल्टेज जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण प्रवाहच नसेल तर सैल जोडावरही व्होल्टेज पडत नाही. मोजमाप यंत्राच्या टर्मिनलवर, भार असताना आणि तक्रार येते त्याच वेळी व्हायला हवे.

पीसीबी दोषी आहे की नाही हे ठरवण्याची एक सरळ कसोटी आहे. कटकट चालू असताना एक मीटर कॉइलच्या दोन टर्मिनलवर आणि दुसरा यंत्रात येणाऱ्या फेज-न्यूट्रलवर लावावा. येणारा पुरवठा टिकून आहे आणि फक्त कॉइलचे व्होल्टेज तुटते आहे, तर पीसीबीवरील रिले किंवा त्या साखळीतला एखादा सुरक्षा-स्विच संशयित ठरतो. दोन्ही एकदम कोसळत असतील, तर पीसीबी निर्दोष आहे आणि दोष यंत्राच्या बाहेर आहे.

हे सारे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. चालू पॅनेलमध्ये सभासदांनी हात घालू नये. वीजमीटरच्या आधीचा भाग महावितरणच्या सीलखाली असतो, त्याला तर ठेकेदारानेही परस्पर हात लावायचा नाही. आपण आम्हाला एवढे कळवावे: केबल कोणती, किती लांब, आणि तलावाच्या पॅनेलवर हीटरखेरीज आणखी काय काय आहे?


शीतयंत्री

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत शीतयंत्रांची देखभाल करतो. उद्यमनगरकरांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन तिसऱ्या तक्रारीबद्दल एक खूण सांगतो. ‘कॉम्प्रेसर सुरू होण्यापूर्वीच’ हे शब्द आपण लिहिले, ते फार मोलाचे आहेत.

कॉम्प्रेसर बंद असताना हीट पंपात विजेखाली असलेले भाग मोजकेच असतात: कंट्रोलचा ट्रान्सफॉर्मर, पीसीबी आणि क्रँककेस हीटर. कॉम्प्रेसरच्या बुडाशी पट्ट्यासारखा गुंडाळलेला हा लहानसा हीटर थंडीत तेलात विरघळू पाहणारे गॅस बाहेर ठेवतो आणि त्यामुळे अनेक यंत्रांत तो कॉम्प्रेसर बंद असताना व हवा थंड असतानाच चालू होतो. पावसाळ्यात त्याच्या आवरणात ओल शिरली असेल, तर नेमक्या थंड सकाळी ईएलसीबी उडेल आणि दिवसा सगळे ठीक वाटेल. आपल्या यंत्रात हा हीटर आहे की नाही, हे वायरिंगच्या नकाशावरून कळेल. तो नकाशा बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) प्रत्येक भाग वेगळा सोडवून तपासावा आणि मेगर लावण्यापूर्वी पीसीबीच्या सर्व तारा आठवणीने काढाव्यात. नाहीतर धडधाकट बोर्ड तपासणीतच जाईल. कॉम्प्रेसर, पंख्याची मोटर आणि क्रँककेस हीटर यांचे इन्सुलेशन १ मेगओहमपेक्षा खाली असेल, तर त्या भागाकडे संशयाने पाहावे. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नियमाप्रमाणे १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कोठेही उडू शकतो, त्यामुळे एकाच ईएलसीबीवर अनेक उपकरणे असतील तर त्यांच्या लहानलहान गळत्यांची बेरीजही त्याला पुरते.


रंकाळाकाठ

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आम्ही ज्या खासगी तलावावर मुलांना नेतो, तेथे पाण्यातून बाहेर येताना स्टीलच्या शिडीला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात, असे मुले सांगतात. व्यवस्थापन म्हणते की अंग ओले असल्यामुळे तसे वाटते.


निवृत्त_अभियंता

ताई, ओल्या अंगामुळे झिणझिण्या निर्माण होत नाहीत. ओल्या अंगाला त्या अधिक जाणवतात, इतकेच. शिडी आणि पाणी यांच्यात व्होल्टेजचा फरक आहे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मुलांना तेथे पाठवणे आजपासून थांबवावे आणि व्यवस्थापनाला लेखी कळवावे.

तलावाच्या परिसरात केवळ अर्थिंग असून भागत नाही. शिडी, कठडे, पाण्याचे धातूचे पाइप, पंपाचा सांगाडा, हीटरचा सांगाडा आणि काँक्रीटमधील सळया हे सर्व एकमेकांना तांब्याच्या तारेने जोडून समान पातळीवर आणावे लागते, म्हणजे हात एका धातूला आणि पाय दुसरीकडे असला तरी दोहोंत फरक उरत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत तलावाच्या काठापासून २ मीटरपर्यंतचा पट्टा आणि त्यापुढचा दीड मीटरचा पट्टा असे विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणते उपकरण चालेल हे ठरवलेले आहे. प्रत्यक्ष पाण्यात तर १२ व्होल्टच्या वर प्रत्यावर्ती पुरवठा चालत नाही. हीट पंप या पट्ट्यांच्या बाहेर असावा. त्या तलावावर ईएलसीबी आहे का आणि त्याचे टेस्टचे बटण दाबल्यावर तो उडतो का, हा पहिला प्रश्न व्यवस्थापनाला विचारावा.

सचिव महोदय, आपल्या मोजमापांची वाट पाहतो आहे.


करवीर_सचिव
सोमवार, रात्री

सर्वांचे आभार. आज परवानाधारक ठेकेदारांना संध्याकाळी आठ वाजता बोलावले आणि सर्व आकडे यंत्र चालू असताना घेतले.

मीटर-खोलीत, चेंजओव्हर स्विचच्या (महावितरण की जनरेटर हे निवडणाऱ्या स्विचच्या) आधी, आर, वाय, बी या तीन फेजच्या जोड्यांत: आर-वाय ४००, वाय-बी ३९८, बी-आर ३९७ व्होल्ट. त्याच वेळी हीट पंपाच्या टर्मिनलवर: आर-वाय ३९०, वाय-बी ३८०, बी-आर ३७९. टाँग टेस्टरने (तार न सोडवता प्रवाह मोजणाऱ्या चिमट्याने) मोजलेले हीट पंपाचे प्रवाह: आर १५.२, वाय १३.८, बी १२ अँपिअर. कटकट चालू असताना कॉइल आणि येणारा पुरवठा ही दोन्ही व्होल्टेज एकदम खाली येत होती. कंट्रोलचा पुरवठा बी फेजवरून घेतलेला आहे.

केबल अॅल्युमिनियमची, ६ चौरस मिलिमीटरची, आर्मर्ड आणि साधारण ७० मीटर लांब आहे. तलावाच्या पॅनेलवर हीट पंप, फिल्टरचा थ्री-फेज पंप आणि तलावाभोवतीचे व बागेतले दिवे आहेत.


धडपड्या

३८० व्होल्ट म्हणजे काही वाईट नाही. आमच्या गावाकडे शेतीपंप यापेक्षा कमीवर चालतात.


निवृत्त_अभियंता

चालतात आणि जळतातही. मोटर रिवाइंडिंगची दुकाने त्यावरच उभी आहेत. असो.

सचिवांचे आकडे नीट वाचले तर ते बरेच बोलतात. मीटर-खोलीत तिन्ही जोड्या जवळजवळ समान आहेत, म्हणजे महावितरणच्या डीपीपासून तेथपर्यंत तक्रारीला जागा नाही. यंत्राजवळ आर-वाय १० व्होल्टने उतरला, तर वाय-बी आणि बी-आर हे दोन्ही १८ व्होल्टने उतरले. कमी झालेल्या दोन्ही जोड्यांत बी हा फेज समान आहे. म्हणून मीटर-खोली ते तलाव या वाटेवर बी फेजमध्ये जास्तीचा अडथळा आहे, किंवा बी फेजवर जास्तीचा भार आहे, किंवा दोन्ही.

आता असमतोल पाहू. तिन्हींची सरासरी ३८३ व्होल्ट येते, सरासरीपासून सर्वांत दूरचा आकडा ३९० आहे, फरक ७ व्होल्ट आहे, म्हणजे असमतोल १.८ टक्के झाला. आकडा लहान दिसतो, परंतु मोटरीमध्ये प्रवाहाचा असमतोल व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहापट होतो. आपल्या तीन प्रवाहांची सरासरी १३.६७ अँपिअर असून बी त्यापासून १२ टक्के दूर आहे, म्हणजे जवळजवळ सातपट, हिशेब जुळतो. व्होल्टेजचा असमतोल १ टक्क्याच्या आत ठेवावा असा मोटर-उत्पादकांचा आग्रह असतो आणि ५ टक्क्यांच्या वर मोटर चालवूच नये असे सांगितले जाते. आर फेजच्या गुंडाळीतून नेमप्लेटवरील १४ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह रोज संध्याकाळी जातो आहे. पीसीबी बदलला असता तर हा कॉम्प्रेसर नव्या बोर्डाखालीही असाच तापत राहिला असता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार झाला असता.

दोन गोष्टी विचारतो. संध्याकाळचे सगळे दिवे बी फेजवर आहेत का? आणि आपली मीटर-खोली तळमजल्यावर पार्किंगमध्ये असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिच्यात पाणी शिरले होते का?

ठेकेदारांना एवढेच सांगावे, की भार चालू असताना चेंजओव्हर स्विचच्या प्रत्येक पोलच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टर्मिनलमधील व्होल्टेज योग्य सुरक्षा-साधने वापरून मोजावे. जोड चांगला असेल तर मीटर काही मिलिव्होल्टच दाखवील.


करवीर_सचिव
मंगळवार, रात्री

आपले दोन्ही अंदाज खरे ठरले. दिवे सर्वच्या सर्व बी फेजवर आहेत आणि त्यांचा प्रवाह ८ अँपिअर आहे. मीटर-खोलीत दोन्ही पुरांत पाणी शिरले होते. २०१९ नंतर एमसीबी बदलले होते. चेंजओव्हर स्विच मात्र दोन्ही वेळा धुऊन, वाळवून तसाच वापरात ठेवला होता.

आज मोजल्यावर आर आणि वाय पोलवर मीटरने जेमतेम काही मिलिव्होल्ट दाखवले. बी पोलवर ८ व्होल्ट आले. पुरवठा बंद करून झाकण उघडल्यावर बी पोलचा संपर्क काळा-हिरवा झालेला आणि त्याच्या लगजवळचे (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याजवळचे) केबलचे इन्सुलेशन करपलेले दिसले. अॅल्युमिनियमच्या केबलला तांब्याचे साधे लग लावलेले आहेत.


उद्यमनगरकर

बी पोलमधून त्या वेळी हीट पंपाचे १२, पंपाचे अंदाजे ३ आणि दिव्यांचे ८ असे २२-२३ अँपिअर जात होते. ८ व्होल्ट गुणिले २२ अँपिअर म्हणजे एका पोलवर सुमारे १७५ वॅट उष्णता तयार होत होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. पाणी तापवायचे यंत्र तलावाजवळ होते आणि थोडे तापवण्याचे काम मीटर-खोलीतही चालू होते! वेळेत सापडले हे बरे झाले, कारण अशा जोडातूनच पॅनेलला आग लागते.

संध्याकाळी तक्रार का आणि सकाळी का नाही, याचा उलगडाही यातून होतो. संध्याकाळी परिसराचा भार वाढल्याने मूळ व्होल्टेजच खाली असते, त्याच पोलमधून दिव्यांचा प्रवाह जातो, तापलेल्या जोडाचा रोध वाढतो आणि या सगळ्यावर कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा प्रवाह येऊन पडतो. माझ्या हिशेबाने त्या क्षणी बी फेज १७० व्होल्टच्या आसपास जात असावा. कंट्रोलही बी फेजवरच असल्यामुळे कॉइल टिकणे शक्य नव्हते.

करायचे काय, तर चेंजओव्हर स्विच पूर्ण बदलावा. पुरात बुडालेला स्विच घासून-पुसून पुन्हा वापरू नये. अॅल्युमिनियम आणि तांबे एकत्र येतात तेथे बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचे मिळून बनवलेले) लग वापरावेत आणि ते योग्य मापाच्या क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावेत, हातोडीने नव्हे. करपलेला भाग कापून केबल पुढे ओढावी लागेल. दिवे तिन्ही फेजवर वाटावेत. ६ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमचा रोध दर किलोमीटरला ४.६ ओहम असतो, म्हणजे ७० मीटरला एका तारेचा ०.३२ ओहम, ७५ अँपिअरला तेवढ्यानेच २४ व्होल्ट पडतात. त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर रोध निम्म्याहूनही कमी होतो. संस्थेला एकदम खर्च झेपत नसेल तर आधी स्विच आणि लग, मग केबल. स्टॅबिलायझरचा खर्च मात्र करू नये: सैल जोडाच्या पुढे स्टॅबिलायझर लावला, तर तो कमी पडलेले व्होल्टेज भरून काढण्यासाठी त्याच जोडातून आणखी प्रवाह ओढतो.


पन्हाळकर

आमचे पन्हाळ्याच्या पायथ्याशी शेतघर आहे. लहान तलावाला हीट पंप नसून १८ किलोवॅटचा विद्युत हीटर आहे, ६ किलोवॅटच्या तीन कॉइल स्टार जोडणीत आहेत. काहीही उडत नाही, कोणताही कोड येत नाही, पण पाणी तापायला पूर्वीपेक्षा फारच वेळ लागतो. यालाही व्होल्टेजच कारण असेल का?


शीतयंत्री

तीनही फेजचे प्रवाह टाँग टेस्टरने मोजावेत. प्रत्येकी २६ अँपिअरच्या जवळपास हवेत. एका फेजवर शून्य आणि उरलेल्या दोहोंवर प्रवाह असेल, तर त्या फेजची कॉइल तुटली आहे किंवा तिचा कॉन्टॅक्टर-पोल मिळत नाही. पुरवठा बंद करून, कॉइल सोडवून रोध मोजल्यास ६ किलोवॅटच्या चांगल्या कॉइलचा सुमारे ८.८ ओहम येतो. कॉइलवर क्षारांचे जाड थर असतील तर ती अशीच पुन्हा तुटेल. बोअरचे पाणी असल्यास हे हमखास होते.


करवीर_सचिव
रविवार, दुपारी

स्विच आणि लग बदलले, दिवे तिन्ही फेजवर वाटले. संध्याकाळी यंत्राजवळ तिन्ही जोड्या एकमेकींपासून २-३ व्होल्टच्या आत आहेत आणि कटकट पूर्ण थांबली आहे. केबलचा विषय पुढील सभेत येईल.

क्रँककेस हीटरबाबतचा अंदाजही बरोबर निघाला. सकाळी सहा वाजता मेगर लावला तेव्हा त्याचा काटा शून्यालगत होता, तर कॉम्प्रेसर आणि पंख्याची मोटर १०० मेगओहमच्या वर होत्या. तो हीटर बदलला आणि त्यानंतर ईएलसीबी उडालेला नाही. टेस्टचे बटण दाबल्यावर तो उडतो हेही पाहिले.

परंतु दुसरी तक्रार वाढली आहे. ‘प्रवाह नाही’ हा कोड पूर्वी कधीतरी येत असे, तो आता जवळजवळ सतत येतो. फिल्टरचा पंप चालू आहे, तलावात परतीच्या तोटीतून पाणीही येते आहे. आणखी एक घडले ते सांगायला हवे. स्विच बदलल्यावर हीट पंपावर प्रथम फेज-क्रमाचा (तीन फेज कोणत्या क्रमाने येतात त्याचा) कोड आला होता. ठेकेदारांच्या सहकाऱ्याने यंत्राच्या टर्मिनलवर दोन तारा अदलाबदल केल्या आणि तो कोड गेला.


शीतयंत्री

उत्तर आपल्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. नवा स्विच जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली, त्यामुळे त्या स्विचपुढचा संपूर्ण पुरवठा उलट्या क्रमाचा झाला. हीट पंपात फेज-क्रम पाहणारा रिले असल्याने त्याने यंत्र सुरूच होऊ दिले नाही, आणि ते योग्यच झाले. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा आवाज करतो, दाब तयार करत नाही आणि फार काळ तसा टिकत नाही. सहकाऱ्याने केवळ हीट पंपापुरता क्रम सरळ केला. फिल्टरच्या पंपाला असा रिले नसतो, तो मुकाट्याने उलटा फिरतो आहे.

सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी थोडेफार देतो, म्हणून परतीच्या तोटीतून पाणी दिसते आणि सगळ्यांची फसगत होते. हीट पंपाच्या फ्लो-स्विचला (पाण्याचा प्रवाह ओळखणाऱ्या स्विचला) मात्र तेवढा प्रवाह पुरत नाही. पंपाच्या मागच्या पंख्याच्या जाळीतून दिशा पाहावी आणि कवचावरील बाणाशी ताडून पाहावी. दुरुस्ती यंत्रागणिक करू नये: नव्या स्विचवरच दोन फेज अदलाबदल कराव्यात आणि हीट पंपावर केलेली अदलाबदल पूर्ववत करावी, म्हणजे संपूर्ण पॅनेलवर क्रम एकसारखा राहील.

पूर्वी कधीतरी येणारा कोड हा बहुधा तुंबलेल्या सँड फिल्टरचा असावा. फिल्टरच्या प्रेशर गेजवर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा ते पाऊण किलो दाब वाढला की बॅकवॉश (पाणी उलटे सोडून फिल्टर धुणे) करायला हवा. तेवढे करूनही कोड आलाच, तर फ्लो-स्विचच्या दोन तारा पुरवठा बंद ठेवून सोडवाव्यात आणि नुसता पंप चालवून त्याचे संपर्क मिळतात का, हे मीटरने पाहावे. त्या दोन तारा एकमेकींना जोडून हीटर चालवण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नये. पाण्याविना कॉम्प्रेसर चालला तर दाब वाढून आधी हाय-प्रेशर स्विच उडतो आणि त्यालाही कोणी वळसा घातला असेल तर यंत्रच जाते.


करवीर_सचिव
रविवार, रात्री

पंप उलटाच फिरत होता. स्विचवर क्रम सरळ केला, बॅकवॉश केला आणि कोड गेला. पीसीबीचे अंदाजपत्रक दप्तरी दाखल केले आहे.

दोन प्रश्न उरतात. आमचा जनरेटर याच चेंजओव्हरवर येतो; त्याचा फेज-क्रम वेगळा असेल तर हाच प्रकार पुन्हा होईल का? आणि पावसाळ्यापूर्वी मीटर-खोलीचे काय करावे?


उद्यमनगरकर

होईल. महावितरणचा आणि जनरेटरचा क्रम फेज-सिक्वेन्स मीटरने वेगवेगळा तपासावा. जुळत नसेल तर बदल जनरेटरच्या टर्मिनलवर करावा, स्विचवर नाही. डीपीवर दुरुस्ती झाली की हीच तपासणी पुन्हा करावी. जनरेटरवर हीट पंप न चालवणेच बरे. ७५ अँपिअरचा धक्का लहान जनरेटरला सोसत नाही आणि वीज गेलेल्या एक-दोन तासांत ९० हजार लिटर पाणी काही थंड होत नाही.


निवृत्त_अभियंता

मीटर-खोलीबद्दल: चेंजओव्हर आणि तलावाकडे जाणारे एमसीबी पुराच्या खुणेच्या वर, पहिल्या मजल्याच्या जिन्यालगत हलवावेत. मीटर हलवायचे असल्यास महावितरणकडे रीतसर अर्ज करावा लागेल. ते होईपर्यंत, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की तलावाचा संपूर्ण पुरवठा मुख्य स्विचवरून बंद करावा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. पाणी ओसरल्यावर जे स्विच बुडाले असतील ते बदलावेत, केबलला मेगर लावावा आणि मगच पुरवठा सुरू करावा. तलावाची रसायने मीटर-खोलीत ठेवलेली असतील तर तीही बाहेर काढावीत. क्लोरीन आणि आम्ल यांच्या वाफा नव्या स्विचचे संपर्कही पुराविनाच खातील.


करवीर_सचिव

हायपोक्लोराइटचे कॅन तेथेच आहेत. उद्याच हलवतो.